कंठ फुटल्यानंतर

‘कंठ फुटणे’ हा शब्दप्रयोग मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. वसंतात कोकिळेला कंठ फुटला म्हणजे ती गाऊ लागते. आणि तेराचौदा वर्षांच्या मुलाला कंठ फुटला म्हणजे, तो गाणारा असेल तर, त्याचे गाणे बहुधा बंद पडते. पाखराच्या बाबतीत जो आरंभ, तोच मुलाच्या बाबतीत पुष्कळदा शेवट ठरतो. या दोन अर्थांच्या मधल्या जागेत एक नैतिक प्रश्न दडून बसलेला आहे, आणि गाण्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या आमच्या मध्यम वर्गाने तो स्वतःला कधी नीटसा विचारलेला नाही. लहान मुलाच्या गळ्यापासून ज्यांनी आनंद घेतला, त्या श्रोत्यांकडे त्या मुलाचे काही देणे राहते काय? की तिकिटाचा पैसा दिला, टाळी वाजविली, म्हणजे हिशेब पुरा झाला?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. कल्याणास १९२६ साली स्थापन झालेला गायन समाज आहे आणि तो ‘देवगंधर्व’ या नावाने एक संगीत महोत्सव भरवितो. हे देवगंधर्व म्हणजे गायनाचार्य भास्करबुवा बखले. महोत्सवास जाणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बुवांची पगडी-उपरण्यातली प्रौढ, गंभीर मूर्ती असते. परंतु बुवांची पहिली कीर्ती पगडीतली नव्हे, लुगड्यातली होती. बडोदे संस्थानात कठोर या गावी १८६९ साली गरिबीत जन्मलेला हा मुलगा गोड गळ्याच्या जोरावर किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे नवे युग सुरू केले होते. स्त्रियांची कामे पुरुषांनी करावयाची असल्यामुळे, ज्यांचा आवाज अजून फुटलेला नाही अशा मुलांना या युगात मोठीच मागणी आली होती. ‘रामराज्यवियोग’ नाटकात भास्कर कैकेयी होई. त्याचे गाणे लोकांना फार आवडे. इंदुरास थोर बीनकार बंदेअलीखाँ यांनी ते ऐकले आणि या मुलाला आपण होऊन काही शिकविले, अशी हकीकत सांगतात. मग व्हावयाचे ते झाले. कंठ फुटला. कैकेयी गेली, लोकांच्या टाळ्या गेल्या आणि कंपनीतले महत्त्वही गेले.

या ठिकाणी किर्लोस्कर मंडळींच्या चालकांवर आग पाखडणे सोपे आहे. आम्हांस ते करावयाचे नाही. नाटक कंपनी हे मोठे खटले. पन्नास पाने रोज जेवावयास उठवायची, पडदे, पोषाख, पेट्या गावोगाव न्यावयाच्या, आणि हे सगळे तिकिटांच्या विक्रीवर. अशा संसारात ज्या मुलाचा वरचा षड्ज लागत नाही त्याला नायिकेचे काम कसे देणार? मालकाने त्याला काढून टाकले नाही, दुय्यम जागी बसविले, एवढेही त्या काळाच्या मानाने थोडे नव्हे. आणि हेही कबूल केले पाहिजे की, कंपनी नसती तर त्या गरीब मुलाच्या कानी चांगले गाणे कोठून पडते? तालाची जाण, शब्द फेकण्याची रीत, हजार माणसांसमोर न डगमगता उभे राहण्याचे धैर्य हे सारे त्याला रंगभूमीनेच दिले. म्हणून लहान मुलाला रंगभूमीवर आणणे हेच मुळात पाप, असे म्हणणाऱ्या सोवळ्या पक्षाशी आमचे जमत नाही.

आमचे बोट दुसऱ्या ठिकाणी आहे. मुलाचा गळा चालत होता तोवर तो सर्वांचा होता. मालक, श्रोते, वर्तमानपत्रे, सर्वच त्यावर हक्क सांगत होते. तो चालेनासा झाला त्या दिवशी मात्र तो एकट्या मुलाचा झाला. नफा सर्वांनी वाटून घ्यावा आणि तोटा एकाच्या, तोही अजाण मुलाच्या, पदरी बांधावा, ही वाटणी कोणत्याही व्यापारात अन्यायाची ठरेल. मग ती कलेच्या क्षेत्रात न्यायाची कशी ठरते?

यावर एक उत्तर तयार असते, आणि ते मोठे भुरळ घालणारे आहे. भास्कर कंपनीत मानाने राहिला असता तर तो एक जुना नट म्हणून संपला असता. जागा गेली म्हणूनच तो बाहेर पडला. बडोद्यास फैजमहंमदखाँच्या दाराशी गेला, तेथे सेवा करून शिकला, पुढे आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि नंतर अल्लादियाखाँ यांची विद्या त्याने मिळविली, आणि भास्करचे भास्करबुवा झाले. म्हणजे ती उपेक्षा ही शेवटी कृपाच ठरली! असे बोलणारी माणसे सज्जन असतात, पण त्यांच्या युक्तिवादात एक मोठे भगदाड आहे. अन्यायातून पुढे काही चांगले निपजले तर त्याचे श्रेय ज्याने ते निपजविले त्याला जाते, अन्यायाला जात नाही. प्रल्हाद वाचला म्हणून त्याला कड्यावरून लोटणाऱ्याचे कोणी आभार मानीत नाही. शिवाय, परत आलेल्या एकाकडे बोट दाखविताना न आलेले आपण मोजीतच नाही. संगीत नाटकाच्या त्या साठ-सत्तर वर्षांत किती मुलांचे आवाज फुटले असतील? त्यांपैकी ज्यांना फैजमहंमदखाँ भेटले नाहीत त्यांचे पुढे काय झाले? कोणी द्वारपाळ झाला असेल, कोणी पडदे ओढू लागला असेल, कोणी गावी परत जाऊन दुसऱ्याच्या दुकानात बसला असेल. त्यांच्या नावाने कोठे महोत्सव भरत नाही, आणि म्हणूनच आमचा हिशेब नेहमी नफ्याचा दिसतो.

गाऊन करावयाच्या नाटकाची परंपरा युरोपात आमच्यापेक्षा जुनी आहे. तिच्याकडे पाहिले तर हाच प्रश्न तेथे किती भयंकर रूपाने उभा राहिला होता ते कळते. इटलीत सतराव्या-अठराव्या शतकांत ऑपेराच्या हौसेपायी गोड गळ्याच्या मुलांचा कंठ फुटूच नये म्हणून त्यांच्यावर लहानपणीच शस्त्रक्रिया करीत आणि त्यांचे पुरुषत्व कायमचे हिरावून घेत. यातली पुष्कळशी मुले गरीब घरची असत. आईबापांना आशा असे की, पोर नाव काढील आणि घर वर येईल. कार्लो ब्रोस्की ऊर्फ फारिनेल्ली याच्यासारखा एखादा राजदरबारी जाऊन बसला. बाकीच्यांचा गळाही धड राहिला नाही आणि संसारही झाला नाही. ही प्रथा ऑपेरातून गेल्यावरही रोमच्या धर्मपीठाच्या गायकवृंदात रेंगाळत राहिली. १९०३ साली तेथेही तिला आळा बसला. तिचा अखेरचा प्रसिद्ध प्रतिनिधी अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ साली वारला. आमचे भास्करबुवाही त्याच वर्षी वारले. एकाचा कंठ फुटू दिला नाही म्हणून त्याचे आयुष्य तसे गेले. दुसऱ्याचा फुटला म्हणून तो रस्त्यावर आला. व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गाणाऱ्या योझेफ हायडन या मुलाचीही कथा अशीच आहे. १७४९ च्या सुमारास आवाज बिघडला आणि त्याला निरोप मिळाला, तेव्हा डोके टेकावयास त्याला स्वतःची जागा नव्हती. पुढे तो युरोपातला अग्रगण्य संगीतकार झाला ही गोष्ट वेगळी. वर म्हटल्याप्रमाणे तिचे श्रेय निरोप देणाऱ्यांना देता येत नाही.

मुलाच्या बाबतीत आम्ही जी कडक भाषा वापरतो ती प्रौढ कलावंताच्या बाबतीत वापरीत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व १९०५ साली मिरजेस शकुंतला म्हणून किर्लोस्कर मंडळीत उभे राहिले तेव्हा सतरा वर्षांचे होते. १९११ च्या मार्च महिन्यात मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, आणि तरीही ते त्या रात्री भामिनीच्या वेषात रंगभूमीवर आले. ही हकीकत महाराष्ट्र गेली शंभरांहून अधिक वर्षे गहिवरून सांगत आला आहे. ती सांगताना आम्ही आमच्याही पदरात थोडे पुण्य बांधून घेतो, असे आम्हांस कधी कधी वाटते: ज्या प्रेक्षकांसाठी नट आपले दुःख गिळतो ते प्रेक्षक किती थोर! वास्तविक त्या रात्री पैसे परत देऊन प्रयोग पुढे ढकलला असता तर कोणाचे फारसे काही बिघडले नसते. परंतु तो निर्णय तेवीस वर्षांच्या आतल्या का होईना, एका जाणत्या पुरुषाचा होता. त्याची स्तुती करा किंवा त्याबद्दल हळहळा, तो त्याचा स्वतःचा त्याग होता. त्यागाला मोल येते ते त्याग करणाऱ्याने तो जाणून केला म्हणून. दहा वर्षांचे मूल जाणून काय देणार? त्याच्याकडून जे घेतले जाते ते दान नव्हे, ते उसने. आणि उसने घेतलेले परत करावे लागते.

ते परत कोणी केले, याचे उत्तर भास्करबुवांच्या पुढील चरित्रात आहे, आणि आमच्या दृष्टीने या विषयातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. बुवांनी १९११ साली पुण्यास भारत गायन समाज काढला. ज्या किर्लोस्कर मंडळीत त्यांचे बालपण गेले तिच्यातूनच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि तिच्या १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या त्या बुवांनी. बालगंधर्वांना त्यांनी शिकविले. त्यांच्या शिष्यांत आळंदीचा एक मुलगाही होता, तोही लहानपणी नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत गाऊन लोकप्रिय झालेला. हा कृष्णा फुलंब्रीकर म्हणजे पुढे मास्तर कृष्णराव. ज्याच्या स्वतःच्या कोवळ्या गळ्याची कदर त्याचा आवाज फुटताच संपली होती, त्याने दुसऱ्या बालनटाच्या गळ्याला पुढची वाट दाखविली.

ही साखळी येथेच तुटत नाही. ती ठाण्यापर्यंत येते. १९३८ साली प्रभात कंपनीचा ‘गोपाळकृष्ण’ हा बोलपट निघाला. त्यातला बाळकृष्ण झाला होता राम मराठे, वय वर्षे तेरा-चौदा. पुढच्याच वर्षी ‘माणूस’ चित्रपटात चहा देणारा पोऱ्या म्हणून तो पुन्हा दिसला. दोन्ही बोलपटांना संगीत मास्तर कृष्णरावांचे. ज्या मुलाला अवघा महाराष्ट्र ओळखू लागला त्याने ती ओळख वटवीत बसावे, हाच व्यवहार झाला असता. तसे झाले नाही. राम मराठे पडद्यावरून दूर झाले आणि शिकत राहिले. मास्तर कृष्णरावांकडे शिकले, वामनराव सडोलीकरांकडे शिकले, आग्रा घराण्याची विद्या जगन्नाथबुवा पुरोहितांकडून आणि विलायतहुसेनखाँकडून घेतली. १९६३ साली ‘मंदारमाला’ रंगभूमीवर आले आणि त्यांच्या गाण्याने थिएटरे दुमदुमू लागली तेव्हा बाळकृष्णाचे वय चाळिशीला टेकले होते. मधल्या पंचवीस वर्षांत लोकांनी त्यांच्या मैफली ऐकल्या. पण ‘गोपाळकृष्ण’मधला आवाज त्यांना कोणी परत मागितला नाही, आणि मागितला असता तरी तो देण्याची सक्ती त्यांच्या गुरूंनी केली नसती. ते ठाणेकर झाले, १९८९ साली गेले, आणि त्यांच्या नावाचा महोत्सव ठाणे महानगरपालिका गडकरी रंगायतनात भरवीत आली आहे. कल्याणचे देवगंधर्व आणि ठाण्याचे संगीतभूषण यांच्यात आजेगुरू आणि नातशिष्य असे नाते आहे. मधले मास्तर धरून तिघेही लहानपणी लोकांपुढे उभे राहिलेले. आमच्या गाडीच्या मार्गावर सातआठ स्थानकांच्या अंतरात हे दोन उत्सव होतात, पण हे नाते तेथे जमणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात असते कोण जाणे.

गुरूने नेमके काय केले? त्याने मुलाला काही काळ न गाण्याची मुभा दिली. ही गोष्ट लहान दिसते, पण तशी नाही. कंठ फुटतो तेव्हा मुलाच्या स्वरयंत्राची वाढ झपाट्याने होते, आतल्या स्वरतंतूंची लांबी व जाडी वाढते, आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. काल जेथे तार षड्ज सहज लागत होता तेथे आज नुसती किंकाळी निघते. या महिन्यांत जुना आवाज ओढूनताणून काढीत राहिले तर गळ्यास कायमची इजा होण्याचा संभव असतो. जाणता गुरू अशा वेळी विश्रांती देतो, पट्टी उतरवितो, हलकेच खर्ज लावावयास सांगतो, आणि फार करून ऐकावयास बसवितो. मालकाला गळ्याचा आजचा स्वर हवा असतो; गुरूला त्याच गळ्याचे पुढले पन्नास वर्षांचे गाणे दिसत असते. बापाला कोणते दिसावे, हा त्या घरातला खरा प्रश्न आहे, आणि कुमार गंधर्वांच्या वडिलांनी त्याचे एक उत्तर दिले. लहानपणीच ध्वनिमुद्रिकांवरचे थोरांचे गाणे जसेच्या तसे गाऊन दाखविणारा तो मुलगा गावोगाव जलसे करीत होता. १९३६ च्या सुमारास त्याला मुंबईस प्रोफेसर देवधरांच्या हवाली करण्यात आले. दुसऱ्यांचे गाणे गाणाऱ्या मुलाला स्वतःचे गाणे सापडावे म्हणून त्यानंतर दहा वर्षे खर्च झाली.

आता नाटक कंपन्या राहिल्या नाहीत. परंतु कोवळ्या गळ्याची मागणी कमी झाली नाही, वाढलीच. २००८-०९ साली दूरचित्रवाणीवरच्या मुलांच्या गायनस्पर्धेने महाराष्ट्राला वेड लावले, त्यास आमचे वाचकही अपवाद नसतील. नाटकाच्या वेळी दोष देण्यास निदान मालक तरी होता. या स्पर्धेत मत आम्ही दिले, भ्रमणध्वनीवरून, घरी जेवता जेवता. कोणते मूल राहावे व कोणते रडत घरी जावे हे आम्ही ठरविले. मालकाची खुर्ची आमच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर मालकाची जबाबदारीही. कायदा याबाबतीत अगदीच झोपलेला नाही, हे सांगितले पाहिजे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली व पुढल्या वर्षी नियम झाले. त्यांप्रमाणे बालकलावंताकडून दिवसात पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि त्याच्या कमाईचा निदान वीस टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे नियम चांगलेच आहेत. पण कायदा तास मोजू शकतो, पैसा मोजू शकतो. मुलाचे गाणे संपल्यावर त्याच्या मनात जी पोकळी उरते ती मोजण्याचे माप कायद्याजवळ नाही. ‘मी गात होतो म्हणून सगळ्यांना हवा होतो’ हे चौदाव्या वर्षी ज्याला कळते, त्याला ते ज्ञान फार लवकर झाले असे म्हटले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आवाजातला हा पालट इतका ठळक नसतो, म्हणून त्यांच्यावरचे ओझे कमी असते असा एक समज आहे. तो खरा नाही. त्यांचे गाणे बंद पडत नाही, पण ‘लहानपणी किती गोड गायची’ हे वाक्य त्यांना आयुष्यभर ऐकावे लागते.

आमच्या शास्त्रकारांनी माणसावर देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. श्रोत्याचे ऋण त्यांत नाही. बहुधा त्या काळी श्रोता इतका बलिष्ठ नव्हता. आज तो आहे, आणि आमच्या मते हे चौथे ऋण मान्य करण्याची वेळ आली आहे. ते कसे फेडावे याचे शास्त्र शोधीत दूर जावयास नको. उत्तरायुष्यात गजाननबुवा जोशी डोंबिवलीस राहिले आणि तेथे त्यांनी शिष्य घडविले. शिकविणारी घरे या तिन्ही गावांत आजही आहेत; सायंकाळी तंबोरे जुळतात. दर भाद्रपदात वसाहतीवसाहतींतून गणेशोत्सव मंडळे आठ-दहा वर्षांच्या मुलांना गाण्यासाठी बोलावतात, हार घालतात, नारळ देतात, बातमी छापतात. मंडळाने त्या नारळाबरोबर त्या मुलाच्या वर्षभराच्या तालमीची फी द्यावी. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलाचा आवाज घोगरा झाला आहे असे कानी आले, तर गाण्याचे बोलावणे थांबवावे, फी थांबवू नये. मुलाला पहिल्या रांगेत ऐकावयास बसवावे आणि ‘हल्ली गात नाहीस का रे?’ असे त्यास कोणी विचारू नये. खर्चाची सबब सांगणाऱ्यांनी मंडपाच्या कमानीवरील दिव्यांचे बिल एकदा काढून पाहावे.